मोटार काढली, सूज उतरली

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच धरला आणि उचलला. खड्डा राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा. त्यांनी माझे आधीचे कागद पुन्हा एकदा चाळले आणि म्हणाल्या, “आजी, तुमचं हृदय चांगलं आहे. किडनी चांगली आहे. लिव्हरसुद्धा. दोष पायातल्या शिरांचा आहे. याला व्हेनस इन्सफिशियन्सी म्हणतात.”

नाव मोठं, अर्थ साधा. पायातलं रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरा असतात. वर चढणारं रक्त मागं घसरू नये म्हणून त्यांच्यात जागोजागी झडपा असतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, त्यातलं पाणी मांसात झिरपतं आणि पाय सुजतात.

माझा मुलगा बालाजी शेजारी उभा होता. त्याचं मानवतला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तो लगेच म्हणाला, “म्हंजी मायचा फुटवॉल गळायलाय.”

विहिरीतल्या पाइपाच्या तळाला, पाणी मागं जाऊ नये म्हणून बसवतात तो फुटवॉल. डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हता. बालाजीनं हातवारे करून समजावला. त्या हसल्या. म्हणाल्या, “अगदी तसंच. आता पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार.”

मला हसू आलं नाही. मी एकच विचारलं, “मशीन सोडावी लागंल का?”

“आधी डॉपलर करून घ्या,” त्या म्हणाल्या, “मग सांगते.”

बाहेर रांग होती. आम्ही उठलो.

ज्यांचे पाय सुजतात आणि जे अजून शेजारणीला विचारून औषध करतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. वय एकाहत्तर. लिहायला वेळ लागतो, पण खोटं लिहीत नाही.

मी शिवणकाम करते. बेचाळीस वर्षं झाली. मानवतला एक म्हातारे उस्ताद होते, त्यांच्या दुकानात मी सहा महिने कापलेल्या चिंध्या गोळा करत बसले आणि बघून बघून कापायला शिकले. उस्ताद म्हणायचे, “कैची जल्दी नको उचलू. पैले आदमी देख.” आधी माणूस बघ, मग कापड काप. ते मी धरून ठेवलं. आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांच्या अंगावर माझं शिवण आहे. म्हाताऱ्या बायकांची, समोर गाठ मारायची चोळी शिवणारी आता मी एकटीच उरले. माझी चोळी काखेत उसवली असं सांगणारी बाई अजून भेटायची आहे.

म्हणून मशीन सोडायची गोष्ट माझ्यासाठी लहान नव्हती. पोटाला मुलगा घालतो, सून चांगली आहे. पण काम नसलेली म्हातारी घरात कशी असते ते मी पाहिलं आहे. कॉटवर ठेवलेलं गाठोडं. येणारा-जाणारा विचारतो, “बरं हाय का?” आणि उत्तर न ऐकता पुढं जातो.

आता पहिल्यापासून सांगते.

मागच्या दिवाळीत बालाजीनं माझ्या मशीनला मोटार बसवली. मी सांगितलं नव्हतं. भाऊबीजेला बहिणीकडून आला तो हातात खोकं घेऊनच. “माय, चाळीस वर्सं पाय हलवलेस. आता बस्स झालं. नुसतं बटन दाब.” बटण म्हणजे पायाखाली ठेवायचा एक छोटा डबा. त्यावर टाच टेकवायची आणि अंगठ्यानं जरासा दाब द्यायचा. मशीन भुर्रकन पळते.

मला आवडली. खोटं कशाला बोलू. काम दुप्पट व्हायला लागलं. पूर्वी पाय थकले की मी उठायची, अंगणात एक फेरी मारायची, पाणी प्यायची. आता पाय थकेनात, त्यामुळं उठायचं कारणच राहिलं नाही. सकाळी बसले की दुपारच्या जेवणाला उठायची. गावात कौतुक झालं. “गयाबाईच्या पोरानं मायला मोटार घेतली.” मीही दोन-चार जणींना मुद्दाम चालवून दाखवली.

संक्रांतीच्या सुमाराला पहिल्यांदा दिसलं. संध्याकाळी चप्पल काढली तर पट्ट्याचा वळ पायावर खोल उमटलेला. सकाळी पाय बरा. मी म्हटलं, चप्पल आवळ झाली. चप्पल बदलली. वळ राहिला.

मग घोटा दिसेनासा झाला. बाईच्या पायाला घोटा असतो हे तो जातो तेव्हाच कळतं. जोडवी बोटात रुतली. सून संगीतानं साबण लावून काढली. पायात जडपणा, पोटऱ्यांत ओढ, संध्याकाळी कातडी ताणून चकचकीत. सकाळी पुन्हा बरंच कमी. सकाळी कमी होतं म्हणून मी गप्प बसले. ही माझी पहिली चूक.

लग्नसराई आली. उन्हाळा आमच्याकडचा तुम्हाला माहीत आहे. दहा-दहा तास बसून मी ब्लाऊज शिवले. उन्हात सूज जास्त होते हे मला पुढं कळलं. तेव्हा मी एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधत होते. पानं वाळली, सूज तशीच.

शेजारची कौसाबाई माझ्याच वयाची. तिच्या मालकाला हृदयाचा आजार, त्यांना डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिलेली. पाण्याची गोळी म्हणजे लघवी जास्त करवून अंगातलं पाणी काढणारी. कौसा म्हणाली, “गया, पाय म्हंजी काय, पानीच हाय ते. आमच्या म्हाताऱ्याचे दोन दिसात उतरले. घे चार गोळ्या.” वर म्हणाली, “आन पानी कमी पीत जाय. वरून वतायचं आन खालून काढायचं, कशाला?”

मला पटलं. हे लिहायला लाज वाटते, पण पटलं. माझी थोरली जाऊ किडनीनं गेली. नांदेडला डायलिसिसला न्यायचे तिला, म्हणजे मशीनवर रक्त धुऊन घ्यायला. तिचेही पाय आधी सुजले होते. मला वाटलं, माझंही तेच आहे, आणि दवाखान्यात गेले की मला तसंच नेतील. त्यापेक्षा कौसाची गोळी बरी. भिणारा माणूस डॉक्टरकडं जात नाही, शेजारी जातो.

चार दिवस गोळी घेतली. पाणी दिवसाला दोन-तीन पेले. सूज कमी झाली. मी कौसाला म्हणाले, “तूच डॉक्टर व्हायला पायजे होतीस.” पाचव्या दिवशी दुपारी मशीनवरून उठले आणि दाराच्या चौकटीपर्यंत गेले, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा संगीता तोंडावर पाणी मारत होती आणि ओरडत होती, “आत्याबाई, डोळे झाकू नका, माझ्याकडं बघा.”

मानवतच्या एका दवाखान्यात दोन दिवस होते. सलाईन लावलं. सोडियम खाली गेलं होतं. सोडियम म्हणजे रक्तातलं मीठ. ते फार उतरलं की माणूस चक्कर येऊन पडतो, बरळतो, जीवही जातो. तिथल्या डॉक्टरांनी बालाजीला विचारलं, “कुणाच्या सांगण्यावरून ही गोळी दिली?” बालाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, “माझ्याच. पोराला न्हाई ठाऊक.” डॉक्टर म्हणाले, “दुसऱ्याच्या चष्म्यानं तुम्ही शिवता का?”

तिथं रक्त तपासलं, लघवी तपासली. क्रिएटिनिन पाहिलं. किडनी कसं काम करते ते त्या आकड्यावरून कळतं. इसीजी केला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. परभणीला पाठवून टू डी इको करून घेतला. तो हृदयाचा फोटो, चालू हृदयाचा. रिपोर्ट यायचे तीन दिवस मी जावेचा चेहरा आठवत बसले. सगळं बरं निघालं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता वय झालं, आजी. आराम करा. शिवणं बंद.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जीव वाचवला त्यांनी. पण मी शिवते हे बालाजीकडून कळूनही माझ्या कागदावर काम या रकान्यात ‘गृहिणी’च लिहिलं होतं आणि मशीन कसली, किती वेळ, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. डॉक्टर विचारेल तेवढंच बोलायचं, असं आपल्याला वाटतं. ही दुसरी चूक. पाण्याच्या गोळीची चूक मोठी, पण ही त्याहून जुनी आहे.

घरी आल्यावर बालाजीनं मशीनवर जुनी चादर टाकली. प्रेमानंच टाकली. मला मढं झाकल्यासारखं दिसलं.

मी आराम केला. आराम म्हणजे काय, कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसणं. आपल्या बायका अशाच बसतात. दिवसभर बसले. दारातून येणारे-जाणारे बघितले. “बरं हाय का?” सुरू झालं. आणि आश्चर्य म्हणजे सूज वाढली. शिवत होते तेव्हा होती त्याहून जास्त. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट तांबूस झाली, खाजायला लागली. एक दिवस खाजवलं तिथं सोललं. चिंचोक्याएवढी जखम. त्यातून पाणी यायचं. आठ दिवस झाले तरी सुकली नाही.

तेव्हा मात्र मी स्वतः बालाजीला म्हणाले, “मला परभणीला ने.”

त्या दवाखान्यात सकाळी नऊला नंबर लावला, दुपारी एकला लागला. बाकड्यावर माझ्यासारखे सुजलेले पाय चार-पाच जणांचे होते. एका बाईचा एकच पाय सुजला होता, लालसर होता, पोटरीला हात लावू देत नव्हती. तिला नंबर नसताना आत घेतलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी दुखायला लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला, छातीत दुखलं तर गुठळी वर गेलेली असते. त्यात दिवस घालवायचा नाही, तासही घालवायचा नाही.

त्याच दिवशीचा अंगठा आणि खड्डा मी वर सांगितला. त्यांनी माझी बीपीची गोळीही हातात घेऊन पाहिली. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा पाय सुजतात. माझी त्यातली नव्हती. तुमची असेल तर डॉक्टरला दाखवा, मनानं बंद करू नका.

डॉपलर दोन दिवसांनी झाला. डॉपलर म्हणजे पायांची सोनोग्राफी, तिच्यात रक्त कुठल्या बाजूला वाहतंय ते दिसतं आणि ऐकूही येतं. थंडगार चिकट औषध लावून पायावर यंत्र फिरवतात. मला उभं केलं. तपासणाऱ्या मुलानं पोटरी दाबली की यंत्रातून ‘हूश’ आवाज यायचा, सोडली की पुन्हा एक ‘हूश’, लांबलचक. तो म्हणाला, “मावशी, हा दुसरा आवाज यायला नको. हे रक्त परत खाली चाललंय.” मी म्हणाले, “मला ऐकायला आला, बाबा. फुटवॉल.” त्याला काही कळलं नाही.

रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं गेलो. गुठळी नव्हती. त्यांनी पावलावर दोन ठिकाणी बोटं ठेवून नाडी पाहिली, पायाला रक्त नीट येतंय का त्यासाठी. मग पेन उघडलं आणि विचारलं, “दिवसभर काय करता?”

मी म्हणाले, “शिवते. त्या दिवशी त्याच्यासाठीच तर इचारलं, मशीन सोडावी लागंल का म्हणून.”

“पायाची मशीन की मोटारीची?”

“दिवाळीपासून मोटारीची. त्याच्या आधी सगळी वर्सं पायाची.”

“आणि सूज कधीपासून?”

“संक्रांतीपासून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. बालाजी छताच्या पंख्याकडं बघायला लागला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाशब्दानं ध्यानात ठेवलं आहे. “आजी, झडपा मोटारीमुळं सैल झाल्या नाहीत. त्या वयानं झाल्या, पुष्कळ आधीपासून झाल्या असतील. पण पोटरीचा स्नायू हा पायातला पंप असतो. पाऊल वर-खाली झालं की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. तुम्ही पायडल मारत होता तोवर तो पंप दिवसभर चालू होता. सैल झडपा असूनही तुमच्या पोटरीनं सगळं सांभाळून घेतलं. मोटार आली आणि पंप बंद पडला. नंतर पाय खाली सोडून आराम केलात, तेव्हा तर पूर्णच बंद.”

“मंग आता?” मी विचारलं.

“मशीन सोडायची नाही. मोटार सोडायची.”

मी कुणाच्या पाया पडणारी बाई नाही. पण त्या वेळी उठून त्यांचा हात धरला.

घरी आल्यावर बालाजीनं पाना घेतला आणि मशीनपुढं बसला. मग म्हणाला, “म्या तुझ्या सुखासाठी लावली होती, माय.”

“मला ठाव हाय. सुखानंच सुजले.”

“लोकं काय म्हणतील? मोटारीच्या मिस्त्रीनं मायची मोटार काढली.”

“म्हण, फुटवॉल खराब होता. मोटारीचा काय दोष?”

तो हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मोटार काढली, पायडलाची बेअरिंग साफ करून तेल घातलं, चाकाला नवा पट्टा चढवला. कामाला पोरगा पक्का आहे. मोटार आता कौसाच्या नातीच्या मशीनला आहे, आणि तिला मी ताकीद दिली आहे की दर अर्ध्या तासाला उठ, नाहीतर मोटार परत घेऊन जाईन.

लगेच सगळं बरं झालं असं समजू नका. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत पोटऱ्यांत गोळे आले. जे पाय चाळीस वर्षं थांबले नव्हते, ते सहा-सात महिन्यांत आळशी झाले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं मी केलं. आधी दहा मिनिटं, मग पंधरा. अर्धा तास झाला की उठून फेरी. जखमेची पट्टी आठवड्याला परभणीला जाऊन बदलून घ्यायची. लोणचं-पापड कमी. पाणी नेहमीसारखं प्यायचं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांचं पाण्याचं माप वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरला विचारावं. मला विचारू नये, आणि कौसालाही नाही.

आता मोज्यांचं सांगते. कॉम्प्रेशन स्टॉकिंग म्हणजे पायाला घट्ट आवळून धरणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे. खाली जास्त घट्ट, वर कमी. पायाची नाडी डॉक्टरनं तपासल्याशिवाय दुकानातून आणून घालू नका, नाडी कमजोर असेल तर पायाला इजा होते. माप सकाळी घ्यायचं, सूज नसताना. हे मला सांगावं लागलं नाही. दुकानदार दुपारी माप घ्यायला निघाला तेव्हा मीच त्याला म्हणाले, “बाबा, फुगल्यावर माप घेतलं तर उतरल्यावर ढिलं होईल. बेचाळीस वर्सं हेच करायलेय मी.” तो उद्या सकाळी या म्हणाला. गेले.

मोजे सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे, झोपताना काढायचे. पहिले दोन दिवस मी वरची कड दुमडून ठेवली, गुडघ्याखाली लांब वाटले म्हणून. दुमडलेल्या जागी दोरी बांधल्यासारखा करकोचा पडला. कपड्याची कड दुमडली की दुप्पट होते हे मी जगाला शिकवते आणि स्वतःच विसरले. दुमडायचं नाही, सुरकुती ठेवायची नाही.

सगळ्यात अवघड निघालं ते पाय वर ठेवणं. दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं, पाय छातीपेक्षा उंच. औषध फुकटचं, पण आपल्या घरांत ते बसत नाही. माझी कॉट खोलीत एकाच तऱ्हेनं मावते. उत्तरेच्या भिंतीला देव. तिकडं पाय करून, वर उशांचा ढीग करून कसं पडायचं? म्हणून फिरून पडले, तर पाय दक्षिणेला.

कौसानं दारातूनच बघितलं. “गया! जिती हाईस ना? दक्षिणंला पाय करून मेल्यालं निजवतेत.”

“मेल्याच्या पायाखाली उश्या देतेत का, कौसे?”

“आन बाईमाणसानं असे पाय वर करून पडायचं? दार उघडं हाय. लाज?”

“लुगडं हाय अंगावर. बस, तूबी पड. तुझेबी सुजायलेत, मला दिसायलेत.”

कौसाला मी गप्प केलं, पण संगीता काही न बोलता बाजूनं जायची आणि मी दक्षिणेला पाय केले की तिचा जीव खालीवर व्हायचा, हे मला दिसत होतं. चार दिवसांनी मी तिला म्हणाले, “देव सैपाकघरात ने.”

“आत्याबाई, देव हलवायचे?”

“देव हलका हाय, मी जड. हलक्याला हलवायचं.”

तिनं सगळं आवरून, सोवळ्यानं देव सैपाकघरातल्या पूर्वेच्या भिंतीला नेले. आता म्हणते तिथंच बरे दिसतात. मी उत्तरेला पाय करून पडते आणि कुणाच्या पोटात दुखत नाही.

आणि मी माप ठेवलं. शिंप्याला दुसरं काय सुचणार. गिऱ्हाइकांची मापं लिहायची माझी वही आहे. तिच्यात एक पान काढलं, वर लिहिलं, गयाबाई, घोटा. घोट्याच्या वर चार बोटांवर पेनानं खूण केली आणि रोज त्याच खुणेवर टेप लावला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उजवा आणि डावा वेगळा. पहिल्या दिवशी संध्याकाळी उजवा साडेअकरा इंच, डावा अकरा. तिसऱ्या आठवड्यात उजवा साडेदहा. मध्ये नात्यातल्या एका लग्नात दिवसभर खुर्चीत बसले, त्या दिवशी पुन्हा अकरा. तेही लिहिलं. अडीच महिन्यांनी सव्वानऊ. जखम त्याच्या आधीच भरली, त्या जागी आता गुळगुळीत डाग आहे.

ती वही मी डॉक्टरीणबाईंपुढं ठेवली. त्यांनी पानं उलटली. शिकाऊ डॉक्टर होते तिथं तिघं, त्यांना बोलावलं. “हे बघा. रोज दोनदा, एकाच जागी, दोन्ही पाय वेगळे. असं मोजमाप आपल्याकडं कोण ठेवतं?” एका मुलीनं फोनवर पानाचा फोटो काढला. मला विचारलं, “आजी, तुम्ही नर्स होता का?”

“शिंपी हाय,” मी म्हणाले. “आन तुमाला एक सांगते. बाई आली की तिला काय दुखतंय ते इचारा, पन त्याच्या आधी ती दिवसभर काय करती ते इचारा. आदमी बघा आन मंग कात्री उचला.”

तिनं ते लिहून घेतलं. माझं बोलणं डॉक्टरानं लिहून घेतलं, हे मी गावात सगळ्यांना सांगितलं आहे. पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

माझा आजार गेलेला नाही. झडपा काही नव्या येत नाहीत. मोजे जन्मभर घालायचे आहेत, पाय रोज वर ठेवायचे आहेत, आणि मी ते करीन. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, मानवतच्या डॉक्टरांचे आहेत, बालाजीचे आणि संगीताचे आहेत. पण एक मानायचं राहिलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं घरोघर हत्यारं पुजतात. शेतकरी औतं पुजतो, बालाजी दुकानातले पाने. मी मशीन पुजते. दरवर्षी हळदकुंकू मशीनच्या डोक्याला आणि वरच्या चाकाला लावायची, झेंडूचा हार तिथंच घालायची. पायडलाला कधी बोटही लावलं नव्हतं. पाय लागतो तिथं कुंकू लावत नाहीत.

यंदा मी कुंकवाची वाटी घेऊन खाली बसले. संगीता आरतीचं ताट धरून उभी होती. म्हणाली, “आत्याबाई, पायडलाला?”

“पायडलालाच.”

पायडल पुसलं. दोन्ही पावलं जिथं टेकतात तिथं लोखंड झिजून गुळगुळीत झालं आहे, पावलाच्या आकाराचं. दोन्ही जागी पाच-पाच बोटं कुंकवाची ओढली, झेंडू ठेवला. मग माझ्या दोन्ही पोटऱ्यांना, मोज्यांवरूनच, एकेक बोट लावलं. संगीताला हसू आवरेना. हसता हसताच तिनं ओवाळलं.

संध्याकाळी एका म्हातारीची चोळी द्यायची होती. झेंडू बाजूला केला आणि बसले.